अक्कांना काय करायचंय?

दुपारी एक वाजला की आमच्या शेडमधल्या लूमच्या खटखटीत डब्यांच्या झाकणांची भर पडते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेलचं युनिट म्हटल्यावर एवढा आवाज आलाच. ऑफिस स्टाफचं एकच लांब टेबल. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कुणाचा पुलिहोरा, कुणाचा डाएटवाला काकडीचा डबा... सगळं मधोमध येतं. पगार सोडला तर या टेबलावर कुणाचं काहीच लपून राहत नाही.

याच टेबलावर 2025 मध्ये एकाच बाईंमुळे दोन गोष्टी घडल्या. पहिल्या वेळी सगळे म्हणाले, “अक्का म्हणजे ग्रेट!” दुसऱ्या वेळी तेच सगळे म्हणाले, “अक्कांना काय करायचंय बे?” मी दोन्ही वेळा मान डोलावली. आणि मग रात्री झोप येईना, कारण अक्कांनी दोन्ही वेळा अगदी एकच काम केलं होतं.

अक्का म्हणजे आमच्या क्वालिटी हेड. पन्नाशीतल्या, सोलापूरच्याच मराठी ख्रिस्ती घरातल्या. टॉवेलमध्ये सुटलेला एक धागा त्यांना दहा फुटांवरून दिसतो. टॉवेलमधला फॉल्ट शोधायचा त्यांना पगार मिळतो, माणसांतला त्या फुकटात शोधतात, असं डिस्पॅचवाले म्हणतात. (अर्थात अक्का नसताना!)

गोष्ट नंबर एक. अकाउंट्समधला एक मुलगा, वय सव्वीस. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याच्या आधीची ही गोष्ट. सात तारखेला पगार आणि दहा तारखेला शिपायाकडे दोनशे रुपये उसने. टेबलावरच्या निम्म्या लोकांना माहीत होतं. मलाही. पण कसं आहे ना, पर्सनल मॅटर! अक्कांनी त्याला गोडाऊनमध्ये बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं. तो चिडून म्हणाला, “अक्का, तुम्हाला काय करायचंय?” अक्का म्हणाल्या, “मला काहीच नाही रे. पण उद्या तुझ्या आईनं विचारलं, तुम्हाला दिसत नव्हतं का, तर मी काय सांगू?” महिनाभर तो त्यांच्याशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी स्वतःच येऊन कर्जाचा आकडा सांगून रडला. अक्का त्याच्यासोबत त्याच्या घरी गेल्या, वडिलांसमोर बसल्या. अजून हप्ते चालू आहेत, पण मुलगा जाग्यावर आहे.

गोष्ट नंबर दोन. क्वालिटीतलीच ट्रेनी, वय तेवीस. जुळे सोलापुरात मित्रासोबत राहते. लग्नाचं अजून ठरलेलं नाही, ठरेल तेव्हा ठरेल. हेही टेबलाला माहीत होतं. दिवाळीनंतर अक्कांनी तिलाही तसंच बाजूला घेतलं. लग्न करा नाहीतर वेगळे राहा, हे बरोबर नाही, असं समजुतीच्या सुरात सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा टेबलावर येईनासा झाला.

आता सांगा, अक्का चूक की बरोबर?

मी अक्कांनाच विचारलं. थेट. “अक्का, ही भानगड काय आहे? आमच्या घरी सत्यनारायण होतो, गुरुवारी अक्कलकोटला चालत जाणारे लोक याच रस्त्यानं जातात, पण कुणी मला बाजूला घेऊन ‘तुझं वागणं देवाला पटत नाही’ असं सांगत नाही. तुमच्यातले काही जण दुसऱ्याच्या वागण्याची जबाबदारी स्वतःवर का घेतात?”

अक्का हसल्या. म्हणाल्या, “आमच्या चर्चला मराठीत काय म्हणतात माहितीये? मंडळी.”

त्या एका शब्दात अर्धं उत्तर आहे, मंडळी! घरची मंडळी काय करते? पगार विचारते, लग्न कधी विचारते, आणि ताप आला तर रात्रभर उशाशी बसते. ख्रिस्ती मंडळी स्वतःला तसंच एक घर मानते. पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात तर मंडळीला एक शरीर म्हटलंय. एक अवयव दुखला की बाकीच्यांनाही दुखणारच. तिथे ‘माझी करंगळी माझी पर्सनल’ हा फंडा चालत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर जरा घाबरवणारं आहे. बायबलात यहेज्केल नावाचा संदेष्टा आहे. देव त्याला गावकुसावरचा पहारेकरी नेमतो. पहारेकऱ्याला शत्रू येताना दिसला आणि त्याने रणशिंग फुंकलं, तरी लोक झोपून राहिले, तर दोष लोकांचा. पण दिसूनही तो गप्प बसला, तर मेलेल्यांच्या रक्ताचा हिशेब त्याच्याकडे मागितला जातो. अगदी पहिल्या घरातली गोष्टही तशीच. हाबेलला मारून आलेल्या काइनाला देव विचारतो, तुझा भाऊ कुठंय? भावाची राखण करणं आपलं काम नाही, असं उलट उत्तर तो देतो. त्या गोष्टीतला खुनी माणूसच ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणतो, हे लक्षात घ्या.

म्हणजे आपल्याला जे नाक खुपसणं वाटतं, ते अक्कांच्या बाजूने पाहिलं तर गप्प न बसण्याचं कर्तव्य आहे. त्यांना ट्रेनीपेक्षा आपण श्रेष्ठ आहोत असं वाटत नव्हतं. आपण बोललो नाही तर आपल्यालाही विचारलं जाईल, एवढंच वाटत होतं. सगळे ख्रिस्ती असं मानतात असं नाही. कित्येकांना हा ज्याचा त्याचा आणि देवाचा मामला वाटतो. पण जे मानतात, त्यांच्या मनात हे चाललेलं असतं.

फंडा क्लिअर? मग प्रॉब्लेम कुठे येतो?

त्यासाठी आपल्याच गावात एक चक्कर मारू या. रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटलं की तो बरोबर नेतो. कॉलनीचं नाव आपण सहज घेतो, पण ते आलंय कुठून? इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. 1911 च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. अमुक जमातीत जन्मलात म्हणजे गुन्हेगार, असा तो कायदा. कैकाडी, टकारी, मांग गारुडी, पारधी अशा लोकांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं गेलं. त्यालाच सेटलमेंट म्हणायचे. सोलापूरची सेटलमेंट त्यातली मोठी. रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि दिवसा गावातल्या कापड गिरण्यांत काम.

आणि काही काळ या सेटलमेंटच्या कामात अमेरिकन मराठी मिशनही होतं. हे मिशन मुळात 1813 साली मुंबईत सुरू झालं, 1831 साली नगरला आणि 1860 च्या दशकात सोलापूरला पोचलं. ही माणसं वाईट नव्हती. उलट! ज्यांना सरकार फक्त चोर म्हणत होतं, त्यांना ही मंडळी सुधारता येणारी माणसं म्हणत होती. शाळा काढणं, हाताला काम देणं, दारू-जुगार सुटावा म्हणून मागे लागणं, या सगळ्यात त्यांची कळकळ खरी होती. देशात इतर ठिकाणी साल्व्हेशन आर्मीनेही अशा सेटलमेंट चालवल्या. त्यांचे एक मोठे अधिकारी फ्रेडरिक बूथ-टकर यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘क्रिमिनोक्युरॉलॉजी’, म्हणजे गुन्हेगार बरे करण्याचं शास्त्र!

पण विचार करा. संध्याकाळी तुम्ही घोटभर घेतली की नाही, पत्ते खेळलात की नाही, हे विचारणारा माणूस कितीही प्रेमळ असला, तरी फाटकाची किल्ली त्याच्याच बाजूच्या लोकांकडे असेल, तर ते प्रेम तुमच्यापर्यंत कसं पोचणार? तुम्ही प्रार्थनेला बसलात तर मनापासून बसलात की पास मिळावा म्हणून, हे त्यालाही कळणार नाही. तुम्हालाही नाही. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. शाळा आणि कामासाठी कृतज्ञ असलेल्यांनीही तार गेल्याचाच सण केला. जे कळायचं ते यातून कळतं.

ज्याची काळजी घेतली जाते, त्याला काय वाटतं, हे फार कमी वेळा लिहिलेलं सापडतं. आपल्या नशिबाने एका मराठी बाईने ते लिहून ठेवलंय. पंडिता रमाबाई! 1883 साली त्या छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावातल्या जोगिणींच्या मठात राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना धर्माची मुलगीच मानलं. मग सुरू झाली काळजी! रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत, म्हणजे ब्राह्मणपणाचा अहंकार अजून गेलेला नाही. मनोरमेला अमुक शिकवायचं की नाही, यावर वाद. रमाबाईंनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनीही नको म्हणून मत दिलं.

रमाबाई भडकल्या. मात्र धर्म सोडून गेल्या नाहीत. त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली. आशय असा, की मोठ्या कष्टाने मी भटजींचं जोखड मानेवरून उतरवलंय, ते दुसऱ्या कुणाचं चढवून घ्यायला नव्हे. मला सदसद्विवेकबुद्धी आहे, आणि तिचा उपयोग मी स्वतः करणार. हा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलाय. ऑफिसात कुणी फार मायेने डोक्यावर बसत असेल तर जरूर वाचा, स्फूर्ती येते!

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. याच रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींसाठी शाळा आणि घर. तिथे धर्माची सक्ती नाही, असं वचन होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली आपणहून येऊन बसायच्या. 1893 साली यावरून पुण्यात वणवा पेटला. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे मोठे लोक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. मी कुणाला बोलावत नाही, पण माझं दार बंद करून बसणारही नाही.

माझं मत विचाराल तर रमाबाई खरं बोलत होत्या. पण त्यांच्या विरोधकांना दिसत होतं तेही पूर्ण खोटं नव्हतं. ज्या बाईंनी केशवपनापासून वाचवलं, ताटात वाढलं, हातात पुस्तक दिलं, त्यांचं उघडं दार हे नुसतं उघडं दार नसतं. त्याला ओढ असते. ज्यांना वाँटेजमध्ये दुसऱ्याच्या मायेचं ओझं जाणवलं होतं, त्यांच्याच हातात आता माया होती.

आता परत या एमआयडीसीत. अक्कांच्या दोन गोष्टी पुन्हा बघा.

अकाउंट्सचा मुलगा अक्कांच्या हाताखाली नव्हता. तो तोंडावर “तुम्हाला काय करायचंय” म्हणू शकला, महिनाभर फुगून बसू शकला, आणि तरी त्याचा एक रुपया कापला गेला नाही. म्हणून जेव्हा तो परत आला, तेव्हा तो खरंच आला. ट्रेनीचं तसं नव्हतं. तिच्या कन्फर्मेशनच्या कागदावर सही कुणाची? अक्कांची! ती “तुम्हाला काय करायचंय” कशी म्हणणार? शब्द तेच, सूर तोच, पण तिथे न दिसणारी तार होती. अक्कांना ती दिसली नाही, कारण तारेच्या आतल्या बाजूला त्या नव्हत्या.

दुसरं, रमीत घर बुडत होतं. आईचं औषध, बहिणीची फी, सगळ्यात ते पाणी शिरत होतं. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहण्यात कुणाचं काय बुडत होतं? सुप्रीम कोर्टाने 2010 साली असं राहणं गुन्हा नाही म्हटलंय, आणि 2017 साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. अक्का म्हणतील, कोर्ट वेगळं आणि देव वेगळा. मान्य. पण मग अक्कांच्याच शास्त्रात एक गंमत आहे. करिंथकरांना लिहिलेल्या त्याच पत्रात पौल मंडळीतल्या एकाच्या खासगी वागण्यावर कडक बोलतो आणि लगेच सांगतो की मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणं हे माझं काम नव्हे, ते देव बघेल. मत्तयाच्या शुभवर्तमानातही आधी चारचौघांत नाही, एकट्याला गाठून बोला, असाच क्रम दिलाय. आणि तोही भावाशी, म्हणजे आपल्या मंडळीतल्या माणसाशी. म्हणजे पहारेकऱ्यालाही हद्द आखून दिलेली आहे! इतिहासात ही हद्द पुन्हा पुन्हा ओलांडली गेली. अमेरिकेत चर्चवाल्यांनी रेटा लावून 1920 साली देशभर दारूबंदी आणली आणि 1933 साली ती मागे घ्यावी लागली.

तर काय, ‘चर्चवाले असेच’ म्हणून हात झटकायचे? छे! आपण काय कमी आहोत? मुंबई इलाख्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला तो कुठल्या पाद्र्याने नव्हे, आणि महाराष्ट्रात कागदावर आजही प्यायला परवाना लागतो. एकट्या मुलीला फ्लॅट देताना सोसायटीचे सेक्रेटरी काय काय विचारतात, ते आमच्या ट्रेनीला विचारा. फरक एवढाच, की सेक्रेटरी काकांना तिच्या आत्म्याची चिंता नसते, सोसायटीच्या नावाची असते. अक्कांना निदान तिची होती.

आणि माझं? मी चार महिने शेजारच्या खुर्चीवरून त्या मुलाची स्क्रीन बघत होतो. पत्ते पडताना बघत होतो. त्याला मी प्रायव्हसीचा आदर असं झकास नाव दिलं होतं. खरं सांगायचं तर मला कटकट नको होती. त्याच्या वडिलांसमोर जाऊन बसायची वेळ आली असती तर? माझा शनिवार गेला असता! दुसऱ्याच्या खासगी आयुष्याचा आदर आणि दुसऱ्याबद्दलचा आळस बाहेरून अगदी सारखे दिसतात. आमच्या पिढीने दोन्हींना एकच लेबल लावलंय.

म्हणून मी स्वतःपुरता एक हिशेब मांडलाय. बोलण्याआधी तीन प्रश्न. समोरचा मला बिनधास्त ‘चल फूट’ म्हणू शकतो का? याच्या वागण्याची किंमत दुसरं कुणी मोजतंय का? आणि तो नाही म्हणाला, तरी मी उद्या त्याच्या शेजारी डबा उघडणार आहे का? तीनही उत्तरं ‘हो’ आली तर बोलायचं. पहिलंच ‘नाही’ आलं, तर आधी हातातली किल्ली खाली ठेवायची.

हे सगळं मी अक्कांना ऐकवलं. अगदी भाषणासारखं. त्या बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “सहीचं माझ्या डोक्यातच आलं नाही रे.” आणि थोड्या वेळाने, “पण मला जे चूक वाटतं ते चूकच वाटणार. ते मी बदलणार नाही.” बदलू नका म्हटलं. कोण सांगतंय?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरना सांगून ट्रेनीचा कन्फर्मेशनचा रिपोर्ट प्रॉडक्शनच्या साहेबांकडे दिला. तिला जाऊन फक्त एवढंच सांगितलं, की तुझी सही आता माझ्याकडे नाही. माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. तो त्या दोघींचा पर्सनल मॅटर!

ती अजून टेबलावर आलेली नाही. सॅम्पलिंगमध्ये जेवते. पण परवा अक्कांना ताप होता, तर दुपारी त्यांच्या टेबलावर एक स्टीलचा डबा होता. त्यात मऊ भात, त्यावर थोडं मेतकूट. कुणी ठेवला, विचारू नका.

आपल्याला काय करायचंय?